पट्टा कोण धरणार?

मे महिन्यात शाळांचे निकाल हातात पडतात आणि पुढच्या पंधरा दिवसांत माझ्या नाशिकरोडच्या दवाखान्यात पिल्लं यायला लागतात. कुणी बुटांच्या खोक्यात आणतं, कुणी आंब्याच्या पेटीत, कुणी ओढणीत गुंडाळून. सोबत हरखलेलं पोर आणि त्याच्या मागे जरा अवघडून उभे असलेले आईबाबा. “नव्वदच्या वर गेलास तर कुत्रा, असं बोलून बसलो होतो डॉक्टर. गेला!”

मागच्या मे महिन्यात एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशन कॉलनीतून असंच एक कुटुंब आलं. पिल्लू सायबेरियन हस्कीचं. निळे डोळे, कापसासारखे दाट केस. वय दोन महिने असं त्यांना विकणाऱ्याने सांगितलं होतं. मी तोंड उघडून दात पाहिले, तर जेमतेम पाच आठवड्यांचं. बाबा पॉवर स्टेशनमध्ये शिफ्टला, आई नाशिकरोडला नोकरीला, मुलगा सकाळी सातला शाळेच्या बसमध्ये. घर दुसऱ्या मजल्यावरचं क्वार्टर, वरचं छत दिवसभर तापलेलं. मी पिल्लू तपासलं, जंताचं औषध दिलं, लसीच्या तारखा लिहून दिल्या. जे बोलायला हवं होतं ते मात्र बोलले नाही. मुलाने त्या पिल्लाला छातीशी धरलेलं असताना ते कसं बोलणार? पिल्लू माझ्या टेबलावर येतं तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. म्हणून ज्यांच्या घरी हट्ट अजून चालू आहे, पण पिल्लू आलेलं नाही, अशा आईबाबांशी आज मला बोलायचं आहे.

मी एकलहऱ्याच्याच कॉलनीत वाढले. वडील विद्युत मंडळात, बॉयलर सेक्शनला. मी तिसरीत असताना त्यांच्या एका सहकाऱ्याकडून आमच्याकडे अल्सेशियनचं पिल्लू आलं. नाव ठेवलं राजा. वर्षभरात तो माझ्या कमरेएवढा झाला. वडिलांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, आईच्या मागे आम्ही दोघं भावंडं आणि आजारी आजी. राजाला खाली न्यायला कुणालाच सवड नसायची. तो गॅलरीच्या गजाला साखळीने बांधलेला असायचा, सकाळपासून रात्रीपर्यंत. आम्ही शाळेतून आलो की त्याला कुरवाळायचो आणि खेळायला पळायचो. एके दिवशी साखळीची कडी निसटली आणि राजा पेपर टाकणाऱ्या मुलाच्या पोटरीला चावला. त्या पोराला तेव्हाची पोटातली चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. सगळे म्हणाले, कुत्रा बिघडला. आम्हीही तेच म्हणालो. ओढ्याकडच्या एका वस्तीवर वडिलांनी त्याला नेऊन दिलं.

चार महिन्यांनी आम्ही त्याला बघायला गेलो. राजा शेळ्यांच्या मागे चालला होता. एखादी शेळी बांधाकडे वळली की तिच्या अंगावरून वळसा घालून तिला परत कळपात आणत होता. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या घरातली दोन लहान पोरं त्याच्या अंगावर लोळत होती. त्याने मला ओळखलं, हात चाटला आणि परत शेळ्यांकडे गेला. येताना सायकलवर वडील एक शब्द बोलले नाहीत. राजा बिघडलेला नव्हताच. मेंढरं वळणाऱ्या जातीच्या कुत्र्याला आम्ही चार फुटांची गॅलरी दिली होती. मी जनावरांची डॉक्टर झाले त्याची सुरुवात मला त्या दिवसात दिसते.

तेव्हा पहिली गोष्ट. कोणती जात घ्यावी, हा प्रश्न मला रोज विचारतात. त्याआधीचा प्रश्न असा, की पट्टा कोण धरणार? कुत्रा साधारण दहा ते चौदा वर्षं जगतो. आज तिसरीत असलेल्या मुलीसाठी पिल्लू आणलंत, तर ते म्हातारं होईल तेव्हा मुलगी पुण्यात किंवा मुंबईत शिकत असेल. दहावीच्या वर्षी ती त्याला फिरवणार नाही आणि फिरवावं अशी तुमचीही इच्छा नसेल. “सगळं मी करेन” असं मूल म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्याला बारा वर्षं म्हणजे किती, हेच ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक आहे. कुत्रा मुलाच्या हट्टासाठी आणला तरी तो तुमचा असतो. सकाळी साडेपाचला, पावसात, तापात, लग्नसराईत तुमचा. तुम्हा दोघांपैकी एकालाही मनापासून कुत्रा हवा नसेल, तर मुलाला आज नाही म्हणा. नाही ऐकून मूल चार दिवस रडेल, आणि रडलं तरी चालेल. नंतर कुत्रा देऊन टाकावा लागतो तेव्हा मूल काय शिकतं, ते मी राजाच्या वेळी शिकले आहे: घरातला जो जड होतो, त्याला देऊन टाकता येतं. तो विचार मनातून काढायला मला फार वर्षं लागली.

एकलहऱ्यात राहणाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे बदली. आज आहात इथल्या २१० मेगावॅटच्या संचावर, उद्या परळी, पारस, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, चंद्रपूर. नाशिकच्या हवेत कसाबसा तगलेला दाट केसांचा कुत्रा चंद्रपूरच्या मे महिन्यात काय करेल, याचा विचार पिल्लू घेतानाच करायला हवा. नव्या ठिकाणी तळमजला मिळेल का, सासूबाई सोबत राहायला येणार आहेत का, निवृत्तीनंतर गावी जायचं की नाशिकला फ्लॅट घ्यायचा, हे सगळं कुत्र्याच्या निवडीत येतं. कॉलनीत फिरताना कधीतरी नीट पाहा. रस्त्यावरच्या कुत्र्यांत एखादा लांब केसांचा, जटा झालेला, बिचकणारा दिसतो. त्याच्या गळ्याभोवती केस झिजलेले असतात, जुन्या पट्ट्याची ती खूण. असा कुत्रा रस्त्यावर जन्मलेला नसतो. पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी आपल्या मुलांसमोर आपण हे करू नये.

आता जातींकडे येऊ. कुत्र्याची जात म्हणजे माणसाने एका कामासाठी पिढ्यानपिढ्या निवडून घडवलेलं शरीर. ते काम तुमच्या घरात नसलं, तरी शरीर ते विसरत नाही. हस्की सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरून गाड्या ओढायला घडवला. मैलोन्‌मैल धावायचं आणि थंडीत अंग गरम ठेवायचं, एवढंच त्याच्या अंगाला कळतं. बीगल सशाचा माग काढायला, म्हणून एकदा नाक जमिनीला लागलं की तो तुमची हाक ऐकत नाही आणि एकटा राहिला की साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा गळा काढतो. डॅशहंड बिळात शिरायला. लांब पाठ, आखूड पाय. जिन्याच्या क्वार्टरमध्ये रोज चढउतार करून त्याच्या मणक्याची चकती सरकते आणि मागचे पाय जातात. असे कुत्रे मी टेबलावर पाहिले आहेत. डॉबरमनची गोष्ट तर मजेची आहे. जर्मनीतल्या अपोल्डा गावात लुई डॉबरमन नावाचा करवसुली करणारा माणूस होता, त्याला स्वतःच्या रक्षणासाठी सोबत हवी होती, त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात आली. ज्या घरात रोज दूधवाला, गॅसवाला, शिकवणीची पोरं येतात, तिथे त्याला शिकवण्यासाठी वेळ आणि पक्का हात लागतो. तो नसेल तर घेऊ नका. रॉटवायलर आणि पिटबुलबद्दलही हेच. मार्च २०२४ मध्ये केंद्राने अशा २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कायद्याचं काहीही होवो, लहान मुलं असलेल्या, पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराला मी या जाती सुचवणार नाही.

पगबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तो मुलांना सगळ्यात आवडतो. २००३ च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला आणि घरोघरी तसलं पिल्लू हवं झालं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून, धापा टाकून, नाकातोंडाच्या ओल्या अस्तरावरून हवा खेळवून तो अंग थंड करतो. पंख्याचा वारा आपल्या घामावर काम करतो, म्हणून पंखा लावला की कुत्र्यालाही गार वाटेल असं आपण समजतो. तसं फारसं होत नाही. पगचं नाक माणसाने आत दाबून टाकलं आहे. श्वास जायची वाटच अरुंद. एप्रिलच्या दुपारी नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तो धापा टाकत राहतो आणि अंग काही थंड होत नाही. तो झोपेत घोरतो ते मुलांना गोड वाटतं. मला त्यात श्वासासाठीची ओढाताण ऐकू येते.

लॅब्रॅडॉर स्वभावाने खरोखर भला, मुलांत रमणारा. पण त्याचंही एक आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की जवळपास दर चौथ्या लॅब्रॅडॉरच्या एका जनुकात असा दोष असतो, ज्यामुळे त्याची भूक लवकर भागत नाही. आपल्या कॉलनीत शेजारच्या प्रत्येक स्वयंपाकघरातून त्याला पोळी मिळते आणि तो कधीच नको म्हणत नाही. तीस किलोचा कुत्रा चाळीसचा होतो, खुबे दुखायला लागतात, मग त्याला उचलून दोन जिने उतरवायचा प्रश्न येतो. लॅब्रॅडॉर घ्या, पण दिवसातून तास-दीड तास फिरवायची तयारी असेल तरच, आणि शेजाऱ्यांना पोळी द्यायला ठामपणे नको म्हणू शकत असाल तर. “पामेरियन” म्हणून आपल्याकडे जो पांढरा कुत्रा पिढ्यानपिढ्या पाळला गेला, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, ‘हम आपके हैं कौन’ मधल्या टफीसारखा. लहान घराला बरा, आपल्या हवेला सरावलेला. भुंकतो मात्र फार, आणि केस रोज विंचरावे लागतात.

जातीवरून स्वभाव किती कळतो, यालाही मर्यादा आहे. २०२२ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात एक मोठा अभ्यास आला. १८,००० हून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली, दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं वाचली. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी साधारण ९ टक्केच फरक जातीवरून सांगता आला. बाकीचं त्या त्या कुत्र्याचं स्वतःचं आणि त्याला कसं वाढवलं त्याचं. म्हणून मी म्हणते, जातीवरून शरीर निवडा: केस किती, आकार किती, नाक कसं, धाव किती. स्वभाव पाहायचा तर ते एक पिल्लू आणि त्याची आई पाहा.

राखणीसाठी कुत्रा हवा, असं सामनगाव, हिंगणवेढे, कोटमगाव या बाजूचे लोक सांगतात. कारण सगळ्यांना माहीत आहे. गोदावरी आणि दारणेच्या काठचा ऊस, आणि त्यात बिबट्या. मला हे फार कळकळीने सांगायचं आहे: अंगणात बांधलेला कुत्रा बिबट्याला दूर ठेवत नाही, जवळ आणतो. आपल्या शेजारच्याच अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं गेलं. २०१४ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात त्याच्या खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. साखळीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. मोठ्या जातीचा असला म्हणून वाचत नाही. मळ्यात राहत असाल तर कुत्रा रात्री घरात किंवा चारी बाजूंनी आणि वरून जाळी लावलेल्या खोलीत हवा. तेवढी सोय करता येत नसेल तर अंगणात दिवा लावा, पण कुत्रा पाळू नका. आणि सकाळी तो कुठे गेला, हे मुलाला सांगायची वेळ स्वतःवर आणू नका.

आपल्या मातीतल्या जातींबद्दल विचारणारे आईबाबा अलीकडे भेटतात, ते मला आवडतं. कारवानी म्हणजेच मुधोळ हाउंड हा आपल्या दख्खनचा कुत्रा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला. २००५ च्या जानेवारीत टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटं काढली, त्यांत तो आहे. उन्हाला चिवट, अंगाला वास कमी, केसांची कटकट नाही. पण तो डोळ्यांनी शिकार हेरून वाऱ्यासारखा सुटणारा कुत्रा आहे. पट्टा सोडला आणि समोरून मांजर किंवा शेळीचं करडू गेलं, की तो तुमचा राहत नाही. त्याला रोज मोकळं धावायला कुंपण घातलेली जागा हवी. मळा असेल आणि रात्रीची सोय असेल तर कारवानी जरूर घ्या. क्वार्टरमध्ये त्याचा राजा होईल.

आणि क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बहुतेक घरांना मी काय सांगते? जिन्याखाली पाहा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कॉलनीतल्या गावठी माद्या पिल्लं घालतात. पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला होता. त्यांतली जेमतेम १९ टक्के मोठी होईपर्यंत जगली. गावठी कुत्रा पंधरा-वीस किलोच्या पुढे सहसा जात नाही, आखूड केसांचा, इथल्याच उन्हात आणि इथल्याच राखेच्या धुरळ्यात पिढ्यानपिढ्या तगलेला. पॉवर स्टेशनची वाफ सुटल्याचा आवाज त्याने आईच्या दुधाबरोबर ऐकलेला असतो. शोभेसाठी कुणी त्याचं नाक दाबलेलं नाही की पाठ लांबवलेली नाही. त्याच्यातही अवघड बाजू आहे. तीन आठवड्यांपासून तीनेक महिन्यांपर्यंतच्या काळात त्याने माणसांची मुलं, मोटारसायकल, कुकरची शिट्टी, पाहुणे हे सगळं न घाबरता पाहिलं नाही, तर पुढे तो बुजरा होतो. मोठा झालेला, दगड खाल्लेला कुत्रा लहान मुलांच्या घरात एकदम आणू नका. पण दोन महिन्यांचं, स्वतःहून हाताशी येणारं पिल्लू आणलंत, त्याच्या लसी वेळेवर दिल्यात, आठ-दहा महिन्यांत नसबंदी केलीत, तर त्याच्याइतका घराला जुळणारा सोबती मला माहीत नाही. “लोक काय म्हणतील, गावठी पाळला,” असं एक बाबा मला म्हणाले होते. त्यांचा मुलगा तेव्हा जवळच उभा होता. मुलाने ते ऐकायला नको होतं.

विकतच घ्यायचं ठरवलं असेल तर पिल्लाची आई त्याच्याजवळ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पिशवीतून सिन्नर फाट्यावर आणून दिलेलं पिल्लू तर मुळीच घेऊ नका. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि विकणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. आठ आठवड्यांचा हा आकडा कुणी उगीच ठरवलेला नाही. भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू तेव्हाच शिकतं. पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेलं पिल्लू तुमच्या मुलाच्या हातावर ते शिकतं.

मुलांना काय सांगायचं, तेही आधीच ठरवा. कुत्रा जेवताना आणि झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही. गळ्यात मिठी मारायची नाही. पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रा, कितीही गरीब कुत्रा असो, एकटे सोडायचे नाहीत. ओरखडा उठला किंवा दात लागला तर मुलाने ते लपवू नये म्हणून आधीच सांगून ठेवा, की तुला कुणी रागावणार नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. आणि आपल्या नाशिककरांनी एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवायची. आपली दोन्ही मोठी पिकं कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षं आणि बेदाण्यांनी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, थोड्याशा द्राक्षांनीसुद्धा. कांद्याने, कच्च्या किंवा शिजवलेल्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. उरलेली भाजी-आमटी वाडग्यात घालायची आपली सवय आहे, ती इथे मोडावी लागते.

हल्ली कुणी पिल्लू आणायच्या आधी विचारायला आलं, की मी एक रिकामा पट्टा घ्यायला सांगते. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ, तो पट्टा हातात घेऊन, मुलाबरोबर कॉलनीत अर्धा तास चालायचं. बाबांच्या रात्रपाळीच्या आठवड्यातही, परीक्षेच्या आठवड्यातही. बरेच जण आठवड्यात थांबतात आणि मला फोन करून तसं सांगतात. त्यांचा मला फार आदर वाटतो. त्यांनी एका जनावराची दहा वर्षं वाचवली.

गेल्या थंडीत एकलहऱ्याच्या एका आईने हे केलं. बाराव्या दिवशी मुलगी उठली नाही, तेव्हा आई एकटीच पट्टा घेऊन चालली. विसाव्या दिवशीही. मग जिन्याखालचं एक तपकिरी पिल्लू तिच्या मागे चालायला लागलं. संक्रांतीनंतर तिघं मिळून दवाखान्यात आली. मी लसीचं कार्ड भरायला घेतलं आणि विचारलं, मालकाचं नाव काय लिहू? मुलीने लगेच स्वतःचं नाव सांगितलं. आई पिल्लाच्या मानेवरची गोचीड काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, “डॉक्टर, माझं लिहा.”